खिंडीतला दगड

आमच्या शेजारचा उकंडा जन्मात कधी एका जागी बसला नाही. जेवतानाही त्याचा एक गुडघा हलत असे. त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईने याला उकिरड्यावर लोळवून हे नाव ठेवलं. अशा नावाच्या पोराला म्हणे नजर लागत नाही.

छप्पन्न साली तो नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला आणि घरातले देव त्याने स्वतः नदीत सोडले. पुढे लेकीचं, कोकिळेचं, पहिलं मूल आठवडाभरात गेलं. "देव काढले, मंग दुसरं काय होईन?" असं गाव त्याच्या तोंडावर बोललं. ते त्याच्या काळजात रुतून बसलं होतं.

एकोणसाठच्या माघात कोकिळा पुन्हा बाळंतपणाला आली. पहाटेपासून कळा, पण सुटका होईना. खोलीचं दार वाऱ्याने आपटत होतं आणि अंगणात उकंडाच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. शेवटी रुपीबाई सुईण बाहेर आली.

"अरे, त्या दारानं अन् तुह्या पायानं पोरीचा जीव घाबरा होऊन राह्यला! जाय, जंगलात फिरून ये!"

बिनकामाचं जंगलात फिरणं आमच्या झरी गावाकडे कोणाला ठाऊक नाही. माणूस मोळीला जातो, मोहाला जातो. हा पहिल्यांदाच नुसते हात हलवत निघाला. सागाखाली चिटपाखरू नव्हतं. दुसरा एखादा निवांत बसला असता, याला ती शांतताच खायला उठली. स्वतःच्याच पायाखाली वाळलं पान वाजलं, तरी गावातून कोणी बोलवायला आलं असं वाटून तो मागे बघायचा.

चालता चालता खिंड आली. तिथे दगडांचा मोठा ढीग आहे. येणारा-जाणारा त्यावर एक दगड ठेवतो आणि खिंडीतल्या देवाकडे सगळं सुखरूप मागतो. उकंडाने लहानपणापासून ठेवले होते. सवयीने त्याने दगड उचललाही, आणि मग हात थांबला. ठेवला तर दीक्षा वाया. नाही ठेवला आणि कोकिळेला काही झालं तर? त्याला स्वतःच्या हाताचा राग आला, गावाचा आला, त्या ढिगाचाही आला. ढिगाभोवती तो नुसता फिरत राहिला.

"पोरीले वाचव," त्याच्या तोंडून निघालं. कोणाला म्हणाला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. ऊन कलल्यावर तो घराकडे वळला तेव्हा दगड मुठीतच होता.

अंगणात त्याची बायको कांताबाई डोळे पुसत उभी होती. त्याचे पाय जागीच थिजले.

"नात झाली," ती म्हणाली. "दोघीबी बऱ्या आहेत." मग तिची नजर त्याच्या मुठीकडे गेली. "खिंडीत गेलते? ठेवला नाही?"

"नाही."

आतून रुपीबाई ओरडली, "उकंडा, हिचं नावही तुह्यासारखंच वंगाळ ठेव. तवाच जगते पोर!"

दार पुन्हा आपटलं. बाळ दचकून रडायला लागलं. उकंडाने वाकून तो दगड दाराला लावला. दार थांबलं.

"चांगलं नाव ठेवू," तो म्हणाला. "उकिरड्यावरचं नाही."

आणि नाव शोधत तो पुन्हा अंगणात येरझाऱ्या घालायला लागला.