साडूंचं वेगळं ताट

सबंध कोपरगाव तालुक्यात स्वतःच्याच उष्ट्याला इतका भिणारा दुसरा माणूस सापडणार नाही, हे मी जबाबदारीने लिहितो. हा माणूस म्हणजे आमचे थोरले साडू. लग्नाला निघाले की आहेराआधी पिशवीत त्यांचं ताट, तांब्या आणि पेला जायचा. तिन्हींवर नाव घातलेलं. पंगतीत ते टोकाला बसत. वाढप्याची पळी ताटाला लागली की ओरडत, "वरून सोड की! वाढतोय का ताट घासतोय?" एकदा व्याह्यांनी आग्रहाने जिलबी भरवायला हात पुढे केला, तर साडू उठून थेट मांडवाबाहेर गेले.

सगळा घोटाळा एका शब्दाचा. पूर्वी त्यांच्या गल्लीत नळाच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं आणि घरोघरी कावीळ झाली. लोक बरे झाले. पुढे रक्तदान शिबिरात साडूंच्या रक्तात 'कावीळ बी' निघाली. ना डोळे पिवळे, ना ताप. डॉक्टरांनी घरच्यांची तपासणी करून लस द्यायला सांगितली. साडूंनी त्याच आठवड्यात सगळ्यांना रांगेत उभं केलं. पण कावीळ ती कावीळ, असं धरून ताट वेगळं केलं ते केलंच. मुलाला मुलगी झाली. तिच्या उष्टावणाला साडूंच्या पत्नी अक्का खिरीची वाटी घेऊन मागे लागल्या, "पहिला घास आजोबांचा." साडू दाराबाहेरून म्हणाले, "तुमीच द्या. मी हितून बघतो." एका घरात राहून पुढेही ते तिला हितूनच बघत राहिले.

यंदा तपासणीला मी त्यांच्याबरोबर नगरला गेलो आणि ताटाचा विषय मीच काढला. डॉक्टरीणबाई चकित झाल्या. "अहो, घाण पाण्यातून, अन्नातून पसरते ती ए आणि ई. तुमची बी. ती रक्तातून जाते, वापरलेल्या सुईतून, शरीरसंबंधातून, जन्मताना आईकडून बाळाला. दाढीचं पातं वेगळं ठेवा. जेवायला सगळ्यांत बसा."

"आन् नातीला घास?"

"भरवा की! आधी का नाही विचारलंत?"

"भ्या वाटलं. तुमी न्हाई म्हनला असता तर?"

परतीच्या एसटीत ते राहुरी गेल्यावर एवढंच म्हणाले, "पाव्हणं, ती आता आपल्या हातानं जेवती."

घरी पोचताच त्यांनी हात धुतले, वरणभाताचा लहानसा घास केला आणि नातीपुढे बसले. तिने या आजोबांना इतक्या जवळून पाहिलंच नव्हतं. ती अक्कांच्या पदरात शिरली.

"लाजतीय," साडू म्हणाले.

"ठेवा तो ताटात. भूक लागली की खाईल," अक्का म्हणाल्या.

त्यांनी ठेवला नाही. बोटांवरचा भात वाळायला लागला, तरी हात तसाच पुढे होता.