ज्योतीला उत्तर मिळालं नाही

ज्योतीच्या आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "ज्योती गेली गो..." एवढंच म्हणाली आणि फोन न ठेवता रडत राहिली. मीही ठेवला नाही. समोर स्क्रीनवर ज्योतीनेच लिहिलेला कोड उघडा होता. त्यातलं एक अक्षरही मला वाचता येत नव्हतं.

ज्योती वसईजवळच्या गास गावची. घराभोवती केळीची वाडी, मागे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं, वडील लहानपणीच गेलेले. घरात आई आणि थोरला भाऊ. वसई रोडला एका केमिस्टच्या दुकानाच्या वर आमचं चार माणसांचं ऑफिस होतं. खिडकीतून उमेळ्याच्या वाड्या दिसायच्या, मग हळूहळू नुसत्या इमारती दिसायला लागल्या. आम्ही वेबसाइट बनवायचो. आज हॉलच्या बुकिंगची, उद्या शाळेच्या प्रवेशाची, आणि प्रत्येक वेळी तेच काम पहिल्यापासून. ज्योतीला त्याचा कंटाळा आला. तयार फ्रेमवर्क, म्हणजे साइटचा आयता सांगाडा, तेव्हा आमच्यापर्यंत फारशी पोचली नव्हती, म्हणून ती म्हणाली, आपलीच बांधू. आणि बांधली.

एकदा मी तिच्याकडे जेवायला गेले होते. बावखलाच्या काठी भांडी घासता घासता आईने विचारलं, "तू करते तरी काय गो दिवसभर?" ज्योती घरी घरचीच बोली बोलायची. म्हणाली, "कोनीतरी लांबून काय मागतो. ते पहिला एकाच दारात येते. तिथं बघायचा, मानूस कोन हाय, आत घ्यायचा का नाय. मग त्याचा काम कोनाकडं हाय ते बघून त्याच्याकडं धाडायचा. तो कोठीतून काढून देतो, दुसरा त्याला नीट मांडतो, आनि आल्या वाटेनं परत." आई म्हणाली, "आनि कोनाकडंच नसला तं?" "तं तसा सांगायचा. नाय म्हनून सांगायचा. गप नाय बसायचा."

गप बसणं तिला खरंच सहन व्हायचं नाही. एका शाळेच्या प्रवेशाच्या ऐन दिवसांत साइटवर नुसतं पांढरं पान यायला लागलं. चूक दाखवणारी ओळही नाही. पालक फोनवर ओरडत होते. ज्योतीने रिक्वेस्टच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या मागणीच्या, वाटेवरचा एकेक टप्पा तपासला, आणि दुपारी सापडलं. तपासणीच्या टप्प्यावर मीच लिहिलेल्या कोडच्या एका तुकड्यात रिक्वेस्ट शिरत होती; तिथून पुढेही जात नव्हती आणि मागेही येत नव्हती. ती माझ्यावर चिडली नाही. दुरुस्त करून म्हणाली, "बिचारे बसलेत तिकडे वाट बघत."

त्यानंतर वर्षभरात तिचे पाय सुजायला लागले. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डायलिसिस सुरू झालं. डाव्या हातात सुया, म्हणून उजव्या हाताने ती लॅपटॉपवर टाइप करायची. पाणी मोजून प्यायचं. आणि घरामागे ते भरलेलं बावखल... आईला मधुमेह, तिची किडनी चालणार नव्हती. भावाची जुळली. तो लगेच हो म्हणाला, पेढे घेऊन आला. डॉक्टरांनी सुचवलं होतं, मृत दात्याची किडनी मिळण्यासाठीच्या यादीतही नाव असू द्या. ज्योतीने लावलं नाही. "दादा देतोय ना. मी कशाला कोणाची जागा अडवू?"

शेवटच्या तपासण्यांच्या दिवशी दादा आला नाही. आदल्याच आठवड्यात तो बायकोमुलांना घेऊन कामणला, त्याच्या कामाच्या गोदामाजवळच्या खोलीत राहायला गेला होता. फोन वाजायचा, उचलायचा नाही. आई जाऊन आली, तर वहिनी म्हणाली, ते बाहेर गेलेत. मी गेले, मलाही तेच. ज्योती त्याला मेसेज पाठवत राहिली... बरा आहेस का, मुलं कशी आहेत. किडनीचं एक अक्षर नाही.

आमची शेवटची भेट डायलिसिसच्या खोलीत झाली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. "नीते, दादाचं काही...?"

"नाही."

ती मशीनकडे बघत म्हणाली, "तो नाही म्हणाला असता ना, तर मी एक दिवस रडले असते आणि यादीत नाव लावलं असतं. पण तो नाहीसुद्धा म्हणत नाही गं."

मग तिने नाव लावलं. तोवर शरीरात काही उरलं नव्हतं.

अग्नी दादानेच दिला. स्मशानातून निघताना तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "मी 'नाही' म्हणून सांगायलाच येणार होतो. भीती वाटली. दोन पोरं आहेत माझी... दारापर्यंत आलो होतो एकदा. तोंडच उघडलं नाही."  अजूनही मला त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

मागच्या महिन्यात ऑफिसने बाहेरची तयार फ्रेमवर्क घेतली. ज्योतीचं सगळं काढून टाकायचं काम माझ्याकडेच आलं. काढलं. कोणाला फरकसुद्धा कळला नाही.

परवा दुपारी गासला गेले. ज्योतीच्या खोलीत टेबलावर कांदे पसरलेले, मध्ये तिचा जुना कॉम्प्युटर. आई म्हणाली, "चालू कर गो. तिचा फोटो असंल." मी चालू केला. पासवर्ड मागितला. मला येत नव्हता. आठवतील ते शब्द घालून पाहिले, काहीच लागेना. मी बंद करायला हात पुढे केला, तशी आई म्हणाली, "राहू दे." ती खुर्ची सरकवून कॉम्प्युटरच्या मागे बसली. त्याच्या पंख्यातून येणाऱ्या वाऱ्यावर तिने तळवा धरला. "गरम हाय," म्हणाली.

थोड्या वेळाने लोडशेडिंगमुळे वीज गेली. कॉम्प्युटरचा पंखा फिरत फिरत थांबला. आईने हात काढला नाही.