नंदीच्या धुक्यात दिसलेली लाल रेघ

नव्वदच्या दशकात मी नागपूरहून बंगळुरूला नोकरीसाठी आलो आणि राजाजीनगरात भाड्याने राहू लागलो. अमेरिकेतल्या चुलतभावाने त्याची जुनी रेसची सायकल मला दिली होती. तिचा पुढचा चिमटा, म्हणजे चाक धरणारे दोन पाय, कार्बन फायबरचा होता. काळा, गुळगुळीत आणि एका हाताने उचलावा इतका हलका. माझा रुबाब विचारू नका! दसऱ्याच्या सुट्टीला नंदी हिल्स गाठायचं, हे मी जाहीरच करून टाकलं. बायको, शीला, म्हणाली, "जेवायच्या आत ये म्हणजे झालं."

सोबतीला महादेवअण्णा होते. खालच्या मजल्यावर राहणारे, मूळचे निपाणीचे, पन्नाशीचे. कारखान्यात फायबरचे भाग तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांची सायकल मात्र साधी, लोखंडी.

आदल्या दिवशी आयुधपूजा झाली होती. घरमालकीण अक्कांनी स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन, कशालाच सोडलं नाही. माझ्या सायकलवरही हळद-कुंकवाचा सढळ हात फिरला. तुमची सायकल महागाची असेल तर एक सांगतो, पूजा होऊ द्या, उगाच वाद घालू नका. पहाटे निघताना मी ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलं.

पाच वाजता निघालो. यशवंतपूर, हेब्बाळ, मग बळ्ळारी रोड. आता तिथे केवढा मोठा रस्ता झालाय. तेव्हा दोन्हीकडे झाडं होती आणि पुढे देवनहळ्ळीकडे द्राक्षाचे मांडव. तिथे इडली-वडा आणि दोन-दोन कॉफी झाल्या. नवख्यांनी इथेच पोट भरून घ्यावं, वर काही मिळेल याचा भरवसा नाही.

घाट सात-आठ किलोमीटरचा. अर्ध्यावर धुक्याने आम्हाला गिळलं. दहा पावलांपलीकडे काही दिसेना. अण्णा पुढे होते, पण त्यांची नुसती साखळी ऐकू यायची. मग दुसरा एक आवाज ऐकू यायला लागला. टिक. थोड्या वेळाने पुन्हा टिक. पायडल थांबवलं की तोही थांबायचा. जोर लावला की यायचा, आणि तो नेमका माझ्या हाताखालून येत होता. मी मनाशी म्हटलं, बेअरिंग असेल. तरी मानेवर काटा आला तो आलाच.

वर पोचलो तर किल्ल्याचा दरवाजा एकदम अंगावर आल्यासारखा समोर उभा राहिला. आसपास चिटपाखरू नाही. सायकल भिंतीला लावली आणि अण्णा खाली वाकून बघत राहिले.

"विजयराव, ह्ये कुंकू पुसलं नव्हतं व्हय?"

चिमट्याच्या डाव्या पायावर, अगदी वरच्या बाजूला, केसाइतकी बारीक लाल रेघ होती. मी रुमालाने घासली. जाईना. धुक्याने ओली झाली तशी ती आणखी लाल दिसायला लागली.

"चरा आहे अण्णा. वार्निशचा. भावाने दिली तेव्हापासून आहे."

"चऱ्यात कुंकू राहत नाही. फटीत राहतं." त्यांनी खिशातून रुपयाचं नाणं काढलं. "स्वल्प गप्प बसा की."

ते खालून वर नाण्याने हलकेच ठोकत गेले. टण, टण, टण. स्वच्छ आवाज. रेघेपाशी आले आणि आवाज मेला. टप. पुन्हा खाली, टण. पुन्हा वर, टप. त्या पांढऱ्या शांततेत तो आवाज मला नकोसा झाला. मातीच्या भिंतीवर बोट वाजवावं तसा.

"आतले थर सुटलेत," अण्णा म्हणाले. "लोखंड असतं तर आधी वाकलं असतं, डोळ्याला दिसलं असतं. ह्ये वाकत नाही, एकदम तुटतं बघा."

घाटातली ती टिक आठवली, तरी मला राग आला. चढ चढून आलो ते काय कौतुकाने परत चालत जायला? उतार तर खरी मजा! "याच चिमट्यावर वर आलो ना? मग?"

"वर येताना वेग नसतो. उतारावर ब्रेक दाबला की सगळा भार ह्याच्यावर." मग ते सरळच बोलले, "बसणार असलात तर शीलावहिनींना काय सांगू, ते सांगून बसा."

मी बसलो नाही. पटलं म्हणून नाही, घाबरलो म्हणून. सरकारी बसच्या टपावर दोन्ही सायकली चढवल्या आणि प्रत्येक वळणावर खिडकीतून खालची दरी बघत उतरलो. धुकं असल्याने दरी दिसत नव्हतीच.

घरी पोचेपर्यंत दोन वाजले. माझी भीती ओसरली होती आणि खुमखुमी परत आली होती. अण्णांच्या मागच्या अंगणात व्हाइस, म्हणजे वस्तू घट्ट धरायचा लोखंडी शिकंजा, होता. चिमटा सोडवून त्यात आवळला, डाव्या पायाच्या टोकावर, ओढायला दांडा म्हणून, लोखंडी नळी चढवली आणि म्हटलं, आता बघूच.

दोन्ही हातांनी ओढलं, ब्रेक मारताना पडेल तेवढा जोर असेल. काही झालं नाही. मी अण्णांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. त्यांनी नाणं वाजवलं. आवाज होता तसाच, रेघही तशीच. दुसऱ्यांदा ओढलं. काही नाही. "बघा!" मी म्हणालो.

तिसऱ्यांदा ओढलं आणि दुसऱ्या क्षणी मी पाठीवर पडलो होतो, चिमट्याचा डावा पाय माझ्या हातात होता. जोर तेवढाच होता. वाळका पापड मोडावा एवढाच आवाज झाला. तुटलेल्या तोंडाशी काळे थर सुटे होऊन पसरले होते आणि दोन थर आत कुंकवाने लाल झालेले होते.

शीला जेवायला बोलवायला दारात आली होती. तिने माझ्या हातातला तुकडा पाहिला. अण्णांनी तिला दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

"तिसऱ्या वेळी तुटला?" तिने मला विचारलं. "मग सकाळी ह्याच्यावर बसून घाट चढलास, ती कितवी वेळ होती?"