'खासगी किनारा' ही ओळ माझी होती

मंडळी, आज सकाळी एक गोष्ट बोलायला हवी होती, बोललो नाही.

आमच्या चिखलीच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर परब राहतात. चाकणला कंपनीत आहेत, मूळचे कोकणातले. कालच गावाहून आले. त्यांच्या गावच्या समुद्रालगत बंगल्यांची आलिशान वसाहत झाली आहे, तिचं माहितीपत्रक घेऊन आज माझ्याकडे आले.

"आमच्याकडे रापण ओढतात. किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं," ते म्हणाले. "दोराला हात लावेल त्याला मासळीचा वाटा, मग तो कोणी का असेना. यंदा बाबांना रापणीला जाताना वसाहतीच्या गेटवरच अडवलं. अडवणारा कोण, तर माझाच मावसभाऊ. म्हणतो, काका, माझी नोकरी घालवू नका."

ते हसले. मग पत्रकातली ओळ दाखवली: 'तुमचा स्वतःचा, खासगी किनारा.'

"हे लिहिणारा कधी आलाय आमच्याकडे? भाऊ, तुम्ही लिहिता. तहसीलदारांना एक अर्ज लिहून द्या."

मी जाहिराती लिहितो. ती ओळ मीच लिहिली होती. दोन वर्षांपूर्वी, फोटो बघून, जेवणाच्या सुट्टीआधी काम संपवायचं म्हणून. किनारा कोणाच्या मालकीचा नसतो, हे तेव्हाही ठाऊक होतं. ऐकायला बरं वाटलं, ठेवली.

अर्ज मन लावून लिहून दिला. परबांनी दोनदा आभार मानले.

दुपारपासून दोन वेळा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलोय. तुमच्यापैकी कोणी असं काही कबूल केलंय का? सुरुवात कशी केलीत?