कोरड्या चपलांचा कोळी

सुट्टीच्या दिवशी मी वाळूजहून नाथसागराच्या काठावर मासे घ्यायला जातो. तिथं बाभळीखाली हे महाशय बसलेले असतात. बायको थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं ओढते आणि हा काठावरून, वाहतूक पोलिसाच्या थाटात, तिला हातवारे करतो. ती त्याच्याकडं चुकूनही बघत नाही. घर चालतं ते त्या एका जाळ्यावर.

"सात पिढ्यांचं पाणी हाय आपल्या अंगात, साहेब," हे तो मला दर वेळी ऐकवतो. चपला मात्र कायम कोरड्या.

गेल्या रविवारी जाळ्यात नुसती बोटाएवढी पिल्लं आली. ह्याचे डोळे चमकले. "साहेबांना दे समदी. लई कुरकुरीत लागत्यात."

मीही निर्लज्जपणे पिशवी उघडली.

बाईनं जाळं तिथंच पाण्यात उलटं केलं. "ही आज तळली तर पुढल्या साली काय तुमच्या गप्पा तळायच्या?"

मी ओशाळून पिशवीची घडी घातली. तो मात्र उठला, पँट झटकली आणि छाती काढून म्हणाला, "बघितलं ना साहेब? ह्ये समदं मीच शिकवलंय तिला."