नाडीची जागा

२१ मे १९९७. दुपारी सासूबाईंना मिरजेच्या दवाखान्यात दाखवून कुपवाडला परत आले, हातपाय धुतले आणि मिरच्यांचे देठ खुडायला बसले. वर्षाची चटणी करायची होती आणि मिरची कुटायच्या डंकावर दुसऱ्या दिवशीचा नंबर होता. सासूबाई समोर येऊन बसल्या. त्यांच्या कमरेचा डाग आता वरवरचा राहिलेला नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सकाळीच सांगितलं होतं.

तो डाग मला दिसला तो वर्षापूर्वी, याच कामात. मिरचीच्या हातानं त्यांनी परकराची नाडी सारखी केली आणि कळवळल्या. मी बळेच बघितलं. जन्मभर नाडी आवळलेल्या जागी काळा पट्टा पडलेला आणि त्यावर रुपयाएवढी ओलसर खपली. तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. पण कातडीच्या वरच्या थरातच होता.

कापून घ्यायला त्या तयार नव्हत्या. मिरजेत नवीन उपाय आला होता. डागावर औषध लावून काही तास झाकून ठेवायचं, मग त्यावर लेसरचा लाल उजेड सोडायचा, म्हणजे रोगट तेवढं मरतं. त्या पडल्यापडल्या म्हणाल्या, "येवढंच? चुलीपुढं बसले असते की."

जखम भरली. त्या जागी काही आवळायचं नाही आणि तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

मी मॅक्सी आणल्या. पंधरवडाभर त्यांनी घातल्या. मग कवठे महांकाळहून त्यांची बहीण आली आणि दारातूनच म्हणाली, "ह्ये काय गं आक्का, नातीचा झगा घातलास व्हय?" संध्याकाळी परकर पुन्हा कमरेला. मी खांद्यावर पट्टे लावून एक परकर शिवून दिला. तो सुटेल म्हणून त्यांनी त्यावरूनही नाडी बांधली. दाखवायलाही आल्या नाहीत. "बरं झालंय की. सारखं सारखं कशाला कुनाम्होरं उघडं व्हायचं?" यंदा तिथं गाठ आली आणि दुखायला लागली, तेव्हा स्वतःच चला म्हणाल्या.

"परत त्यो लाल दिवा लावत न्हाईत व्हय?" खुडता खुडता त्यांनी विचारलं.

"न्हाई आत्या. येवढ्या आत पोचत न्हाई त्यो."

"मग कापत्याल?"

"कापतील. पण जांघेतबी गाठ लागतीय, रोग तिथवर गेलाय म्हणाल्या."

"म्हंजे न्हाईच म्हण की."

मी मिरच्या पुढं ओढल्या.

"देठं नीट काढ," त्या म्हणाल्या. "गेल्या साली चटनीत काड्या लागत हुत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना वाकता येईना, म्हणून परकर मी नेसवला. नाडी गाठीच्या खाली, सैल बांधली. त्यांनी माझा हात धरून वर नेला.

"हितं. घट्ट."

"दुखंल आत्या."

"आता काय राखायचंय?"

मी बांधली. मग मिरच्यांचं पोतं रिक्षात घातलं आणि डंकावर गेले.