शिंगं फुटलेलं कपाट

डोंगरातल्या नारिन गावात कलिपाचं घर शोधणाऱ्याला कुणी गल्ली-नंबर सांगत नसे. "ज्या फाटकाला शिंगं आहेत ना, तेच," एवढं पुरे व्हायचं. फाटकाला शिंगं, दुधाच्या बादलीला शिंगं, चहाच्या किटलीवरच्या लोकरी टोपीला शिंगं. नवरा इस्मानाली जन्मभर जो ट्रक हाकत आला, त्याच्या बॉनेटवरसुद्धा मेंढ्याची दोन गरगरीत वळलेली शिंगं रंगवलेली. डोंगराच्या पलीकडचे पोलीसही त्याला लांबून ओळखायचे. इस्मानाली म्हणायचा, "या बाईनं मला चोरी करायची सोयच ठेवली नाही. नाइलाजानं सज्जन झालो."

उघडी-बोडकी वस्तू दिसली की कलिपाची बोटं खाजायची. त्याला ती तरी काय करणार? लहानपणापासून शिरदाक कापत आली होती. लोकर थापून केलेले दोन जाड नमदे घ्यायचे, एक लाल, एक निळा. एकावर एक ठेवायचे. साबणाच्या चिपेनं वरच्या नमद्यावर नक्षी काढायची आणि धारदार सुरी दोन्हींतून एकदमच फिरवायची. मग लालाची शिंगं निळ्याच्या भोकात, निळ्याची लालाच्या भोकात. सुरी एकदा चालते आणि जमिनीवर अंथरायच्या बैठकी दोन निघतात, पाठोपाठच्या बहिणीच जशा. चिंधीएवढाही तुकडा वाया जात नाही. गावातल्या बायका शिवायला कुणाकडेही जात, पण कापायला कलिपाकडेच. ती नक्षी आधी कागदावर काढत नसे. डोळे बारीक करायची, ओठ आत ओढायची आणि नाटकाचा पडदा वर जावा तसा तिचा हात सुटायचा.

अशा बाईच्या पोटी गुलझिना जन्मली, जिला सगळं पांढरं आणि सपाट आवडायचं.

लग्न ठरलं कोचकोर गावच्या एका घरात. मुलीबरोबर रुखवत पाठवायचं म्हणजे गाद्या, रजया, उशा, शिरदाक आणि त्या सगळ्याची रास जिच्यावर रचायची ती पेटी. कलिपाच्या मनात पत्र्याची नक्षी ठोकलेली मोठी पेटी होती. गुलझिना आईला म्हणाली, "आपा, पेटी नको. मला कपाट हवं. खोक्यातून येतं ना, ते."

"खोक्यातून? कपाट काय बूट आहे?"

ते खरोखर खोक्यातूनच आलं. चपट्या खोक्यांत फळ्या, पिशवीभर स्क्रू, एक वाकडा इवलासा पाना आणि एक कागद. कागदावर कुठल्याच भाषेत काही लिहिलेलं नाही, नुसता एक गोल डोक्याचा माणूस प्रत्येक चित्रात हसतोय. इस्मानालीनं कागद बघितला आणि चुलीजवळ ठेवला. "ट्रकचं इंजिन उघडून बसवलंय मी खिंडीत, बर्फात. हा हसरा मला काय शिकवणार?" संध्याकाळपर्यंत कपाट उभं राहिलं, फक्त त्याचा तळ छताकडे होता. दुसऱ्या दिवशी ते सरळ झालं. मूठभर स्क्रू उरले. "उरणारच," इस्मानाली म्हणाला. "त्यामुळे हलकं झालंय."

पांढरं, गुळगुळीत, दोन दारांचं कपाट. गुलझिना त्याच्यापुढून हलेना. कलिपानं पाठ फिरवून बोटं काखेत दाबून धरली. मुलीची आवड आहे, आपण लुडबूड करायची नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं.

पण शेजारची उमसून कोचकोरला भाचीकडे जाऊन आली, आणि थोरलीला मारतात ती हाक मारत, फाटकातूनच ओरडत आली.

"एजे! एजे, घात झाला!"

"कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. कपाट! तुमच्या विहिणीच्या घरी मोठ्या सुनेचं कपाट बघून आले मी. रखत म्हणून आहे ती. हेच! हेच पांढरं, हीच दारं, ह्याच मुठी. बैठकीच्या खोलीत भिंतीला लावलंय. आणि शेजारी जागा रिकामी ठेवलीय तुमच्या गुलझिनासाठी."

कलिपा मटकन खाली बसली. दोन सारखी कपाटं शेजारी-शेजारी! येणारी-जाणारी प्रत्येक बाई दोन्ही उघडणार, रजया मोजणार, पहिलीची रास उंच की दुसरीची ते बघणार. आणि आपली पोर दुसरी. हुबेहूब दुसरी. जन्मभर 'ती नंतर आली ती' म्हणून ओळखली जाणार.

"परत करू," इस्मानाली म्हणाला.

"उघडलेलं घेत नाही तो दुकानदार," उमसून म्हणाली. "त्यात तुम्ही ते एकदा डोक्यावर उभं केलेलं."

विहीण तुरसुनाय रुखवत बघायला शुक्रवारी येणार होती. सगळे कपाटाकडे बघत राहिले. मग गुलझिनाच हळूच म्हणाली, "आपा, तुमची बोटं खाजतायत का?"

तो प्रश्न नव्हता, आमंत्रण होतं! कलिपा उठली ती जणू विशीतली होऊन.

पहिला प्रयोग रंगाचा. फाटकाचा निळा रंग डब्यात उरला होता, तो इस्मानालीनं एका फळीच्या मागच्या बाजूला फासून बघितला. झकास दिसला. वाळला, आणि उमसूननं नख लावताच दुधावरची साय निघावी तसा अख्खा पापुद्रा तिच्या हातात आला. फळीची पाठ काचेसारखी, तिला रंग धरवेना. पॉलिश पेपरनं घासून घ्यायला हवी होती, पण घासायचं नाव काढताच गुलझिनानं कपाटाला मिठी मारली.

"चिकटवायचा कागद आणू या," उमसून म्हणाली. "माझ्या फ्रिजला लावलाय तो. मागचं सोललं की बसतो."

"तुझ्या फ्रिजवर संत्री आहेत."

"साधा रंगीत पण मिळतो, एजे. संत्री मी हौसेनं घेतली."

बाजारातून एक लाल गुंडाळी आली, एक निळी. कलिपानं दोन्ही जमिनीवर अंथरल्या. चकचकीत बाजूवर साबणाची चीप फिरवली, तर ती बर्फावरून घसरावी तशी घसरली, रेघ उमटेना. मागच्या कागदी बाजूवर मात्र सुरेख उमटली. मग काय, लाल खाली, तिच्यावर निळी, चकचकीत बाजू चकचकीत बाजूला लावून, पाठी बाहेर. चारी बाजूंनी चिमटे. ओठ आत गेले, डोळे बारीक झाले आणि हात सुटला.

काय शिंग काढलं तिनं! मेंढ्याचं शिंग आणि पक्ष्याचा पंख एकातच, सगळे एका दिशेला झेपावणारे, वाऱ्यावर निघालेली पाखरंच जणू. उमसून चहा ओतायची विसरली. सुरी दोन्ही थरांतून सरसरत गेली. शेवटचा तुकडा सुटला तसा कलिपानं एक निळं शिंग उचललं, ऐटीत लाल कागदाच्या भोकाशी नेलं.

बसेना.

लाल भोक उजवीकडे बघत होतं आणि निळं शिंग डावीकडे. तिनं शिंग पालटलं. आता दिशा जुळली, पण वर आली कागदी पाठ. पुन्हा पालटलं. पुन्हा डावीकडे. दुसरं उचललं, तिसरं उचललं. सगळी निळी पाखरं उलटीकडे निघालेली.

"नमद्याला पाठ नसते ग," कलिपा पुटपुटली. "कसाही पालटा, तो सरळच. या मेल्याला एक तोंड आहे आणि एक पाठ आहे."

गावातली पहिल्या नंबरची नक्षी कापणारी, आणि चूक अशी की जी फक्त पहिल्या नंबरचीच करू जाणे! मग गुलझिनाच्या नाकातून एक फुर्र निघालं. उमसूननं डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडात कोंबलं. कलिपा दोघींवर डोळे वटारायला गेली आणि स्वतःच फुटली. तिघी जमिनीवर आडव्या पडून इतक्या हसल्या की इस्मानाली अंगणातून धावत आला.

त्याच्या हातात कपाटाची दोन दारं होती. कागद लावायला सोपं जावं म्हणून त्यानं ती काढून ठेवली होती.

"काय झालं?"

"लाल उजवीकडे बघतंय, निळं डावीकडे," गुलझिना डोळे पुसत म्हणाली.

"मग बरोबर आहे की." त्यानं दारं भिंतीला टेकवली. "या दाराची बिजागरी डावीकडे, त्याची उजवीकडे. दारंसुद्धा एकमेकांच्या उलटीच असतात. त्या दिवशी मी अदलाबदल करून बसवायला गेलो तर उघडेनात."

कलिपा उठून बसली. लालाचा भोकं पडलेला कागद तिनं डाव्या दारावर धरला, निळ्याचा उजव्यावर. भोकांतून कपाटाचा पांढरा रंग डोकावला, ताज्या दुधासारखा. डावीकडची पांढरी पाखरं उजवीकडे झेपावत होती, उजवीकडची डावीकडे. दारं मिटली की समोरासमोर येणार, चोचीला चोच.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या डोक्यात हे आलं कसं?"

"मी बिजागरीबद्दल बोलत होतो," इस्मानाली म्हणाला.

आणि मग सुरू झालं ते चिकटवणं! भोकं-भोकं झालेला चिकट कागद म्हणजे अंगात आलेली बाई. मागचं सोलताच तो स्वतःला मिठी मारायला धावे. एक टोक गुलझिनाकडे, एक उमसूनकडे, मधे इस्मानाली गुडघ्यावर, आणि कलिपा पुढे उभी राहून हातवारे करत: "खाली! अग खाली, माझ्याकडे नको, दाराकडे! श्वास रोखा!" कागद एकदा उमसूनच्या अंबाड्याला चिकटला. एकदा मांजर त्यावरून चालत गेलं आणि पायाला निळी पट्टी घेऊन कपाटाखाली शिरलं. फुगे आले ते कलिपानं नमद्याच्या तुकड्यानं रेटून कडेला नेले, जे हटेनात त्यांना सुईनं टोचलं. कोपरे उचलले गेले तिथे गुलझिनानं केस वाळवायचं यंत्र धरलं, आणि गरम हवेनं कागद निमूटपणे बसला.

शुक्रवारी विहीण आली. तुरसुनाय म्हणजे उंच, ताठ, कौतुक तोलून-मापून करणारी बाई. बरोबर मोठी सून रखत. बोलकी, गोबऱ्या गालांची. बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळलेले होते, मांस शिजत होतं, चहा अर्धा-अर्धाच ओतला जात होता, पुन्हा पुन्हा ओतता यावा म्हणून. कपाटावर चादर होती.

रखतनं चादरीखालून दिसणारा कपाटाचा पाय ओळखला. "अग बाई, माझंच कपाट!" ती टाळी वाजवून हसली. सासूला म्हणाली, "आपा, बघा, माझ्यासारखंच घेतलंय!"

"बघू तरी," तुरसुनाय म्हणाली.

कलिपानं चादर ओढली, ती अशी की क्षणभर हवेत राहिली.

तुरसुनायच्या हातातला बोरसोक बशीत परतला. ती उठली. दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मिटताना दोन्हीकडची पाखरं एकमेकांच्या चोचीला भिडायची, तिथे तिला हसू फुटलं. ताठ बाई पोरीसारखी दार उघड-मीट करू लागली. "कुणी केलं? विहीणबाई, तुम्ही? दगडाचं काळीज आहे तुमचं, दगडाचं! आल्यापासून चहा पाजताय आणि हे चादरीखाली ठेवलंत!" मग तिनं डोक्यावरचा रेशमी रुमाल सोडला. नवी सून पहिल्यांदा बघितली की काहीतरी द्यावं लागतं. तसा तिनं तो कपाटाच्या मुठीला बांधला. "तोंड बघितलंय, रिकाम्या हातानं कसं बघायचं?"

उमसूननं कलिपाच्या बरगडीत कोपर मारलं. जिंकलो!

पण कलिपा रखतकडे बघत होती. रखत टाळी वाजवलेले हात तसेच धरून उभी होती. ती पुढे आली, लाल कडेवरून अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाली, "माझं नुसतंच पांढरं आहे."

ही दोन कपाटं एका भिंतीला उभी राहणार. येणारी प्रत्येक बाई याच्यापुढे थांबणार आणि त्याच्यावरून नजर नेणार. आणि त्या नजरेचं बिल रोज चुलीपाशी कोण भरणार? आपली गुलझिना. आपली पोर दुसरी ठरू नये म्हणून आपण तिला घरात पाऊल टाकायच्या आधीच वैरीण मिळवून दिली.

गुलझिनालाही ते दिसलं होतं. मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं, आणि गुलझिना आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पुठ्ठ्यावर नीट मांडलेली कापलेली शिंगं होती. लाल उजवीकडे बघणारी, निळी डावीकडे.

"एजे," ती रखतला म्हणाली, "ही तुमची."

"माझी कशी?"

"कापताना दोन निघतात," कलिपा म्हणाली. "माझ्या हातून कधी एकच निघालेलं नाही. या दारांवर भोकं गेली आणि त्यातून निघाली ती ही. तुझं कपाट पांढरं आहे म्हणूनच ही त्यावर उठून दिसतील. डाव्या दारावर लाल, उजव्यावर निळी. तुझ्याकडे पाखरं, हिच्याकडे पाखरांची जागा. दोन्ही शेजारी उभी केलीस तर कुणाला सांगता यायचं नाही आधीचं कोणतं."

"आधीचं माझंच," रखत म्हणाली, आणि तिचे गाल परत वर चढले. "पण लावायचं कसं? माझ्या हातून वाकडं लागेल."

"मी येतेच आहे की," गुलझिना म्हणाली. "आल्या-आल्या आपण दोघी लावू. केस वाळवायचं यंत्र आहे ना तुमच्याकडे?"

"आहे! पण एक आता लावून बघू? एकच?"

"कशावर?"

रखतनं चहूकडे बघितलं. मग इस्मानालीच्या पाठीवर एक निळं शिंग सपकन बसलं, आणि तो ओरडला, "अरे, मीच राहिलो होतो या घरात!"

तुरसुनाय इतकी हसली की तिला आधार धरून बसवावं लागलं.

मांस खाऊन, उरलेलं पुडक्यात बांधून घेऊन पाहुण्या निघाल्या. गाडीच्या डिकीत पुडकी गेली, मिठाई गेली. तुरसुनाय म्हणाली, "रखत, तो पुठ्ठापण मागे टाक, मांडीवर कशाला?"

"नको, आपा," रखत दार लावून घेत म्हणाली. "वाकतील."